सोळाशे बारा रंग

अकराव्या दुकानातूनही नकार घेऊन शाल्मली बंगळूरमध्ये चिकपेटच्या गल्लीत उतरली, तेव्हा हातातल्या साडीपेक्षा तिचा चेहराच जास्त चुरगळला होता. साडी आईची. पुढच्या आठवड्यात मैत्रिणीच्या लग्नात नेसायची होती आणि तिला जुळणारा ब्लाउजपीस काही मिळत नव्हता. रंगच तसा होता... धड करडा नाही, धड जांभळा नाही. एका बाजूने बघावं तर राख, दुसऱ्या बाजूने बघावं तर वांगं!

"आता मरा!" ती स्वतःशीच पुटपुटली.

"मरू नका हो. आत या की स्वल्प."

ती दचकून वळली. समोर एक चिंचोळं दुकान होतं. वर पाटी – हिंगुळांबिका मॅचिंग. आत जमिनीपासून छतापर्यंत नुसते तागेच तागे, एकाला एक चिकटून. आणि लाकडी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर उभा एक तिशीतला तरुण. डोळे हसरे, आणि मराठी अशी की जणू गाण्याची चाल लावलीय.

"तुम्ही मराठी?" शाल्मलीने विचारलं.

"घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि गिऱ्हाईक बघून हिंदी, तमिळ. तुमची साडी कुठली भाषा बोलते बघू या."

शाल्मलीला हसू आलं. दोन तासांत पहिल्यांदाच.

त्याने साडी हातात घेतली, पण तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तशीच गल्ल्याशेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईकडे दिली. "गंगव्वा."

गंगव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली. उंबऱ्यापर्यंत गेली, पदराचं टोक उन्हात धरलं आणि दोनदा पापण्या मिटल्या. मग मोठ्याने म्हणाली, "पावसाआधीचं वांगं."

आणि तो – मान न वळवता, न शोधता – दोन पायऱ्या वर चढला, हात मागे नेला आणि शेकडो ताग्यांमधून एक तागा ओढून काढला. शाल्मलीने तो साडीवर ठेवला मात्र... दोन्हींमधली रेषच पुसून गेली. साडी कुठे संपते आणि कापड कुठे सुरू होतं, ते बोट फिरवूनच कळावं.

"हे..." तिने मान वर केली. "हे नाव कुठल्या कंपनीचं?"

"कंपनी नंबर देते. नंबर कुणाच्या लक्षात राहतो हो? नावं आमच्या अप्पांनी आणि गंगव्वानं ठेवलेली. अप्पा गेले. आता त्यांच्या वेळची ही एकटी आहे."

"किती नावं आहेत अशी?"

"सोळाशे बारा."

"आणि लिहून कुठे ठेवलीत?"

त्याने शिडीवरूनच गंगव्वाच्या कपाळाकडे बोट केलं. म्हातारी दोन्ही नाकपुड्यांतल्या चमक्यांसकट हसली. "हे डोकं पुढच्या महिन्याअखेर आनेकलला जाणार, लेकीकडं. गुडघे चालंनात बाई. मग ह्या प्राणेशचं कसं व्हायचं, देवीलाच ठाऊक."

प्राणेश हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. शाल्मलीने ते टिपलं. का टिपलं, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

ती मूळची पुण्याची. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी बंगळूरला आली, जयनगरात दोन मैत्रिणींबरोबर राहायची. शनिवार असूनही लॅपटॉप पाठीवर होताच, आयटीतल्या माणसांची ती कवचकुंडलंच. तिने पाठीवरची बॅग काढून गल्ल्यावर ठेवली.

"मी करून देऊ? ॲप. सगळे रंग, सगळी नावं, कुठला तागा कुठे – सगळं तुमच्या फोनवर."

"किती महिने लागतील?"

"तुम्ही कॉफी तर मागवा."

तो शिडीवरून उतरला. एवढ्या जवळून त्याच्या शर्टाला कोऱ्या कापडाचा वास येत होता. शाल्मलीने घाईने पडद्याकडे नजर वळवली.

"यात आपण फक्त दोन गोष्टी सांगायच्या," ती म्हणाली. "आपल्याकडे काय काय आहे, आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय. पुढचा कोड हे सॉफ्टवेअर आपलं आपण लिहितं. तर सांगा – एका ताग्याचं काय काय लक्षात ठेवायचं?"

"नाव. कपाट, फळी, ओळ. जुळणाऱ्या दोऱ्याचा नंबर."

"एका ताग्याला एकच नाव?"

तो विचारात पडला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. "नाही... उन्हात एक, ट्यूबलाइटखाली एक. काही रंग फितूर असतात बघा. दुकानात साडीशी गोड बोलतात आणि लग्नाच्या मांडवात दगा देतात. म्हणून तर गंगव्वा उंबऱ्यावर जाऊन बघते."

"फितूर!" शाल्मली खुदकन हसली. पण बोटं टाइप करत होती. ताग्यांचं एक कोष्टक. उजेडाचं दुसरं. एका ताग्याला अनेक उजेड, प्रत्येक उजेडात एक नाव. तिने दोन कोष्टकांमध्ये रेघ ओढली आणि एक कळ दाबली.

पडद्यावर ओळी धावायला लागल्या. एकामागून एक, डोळा ठरू नये इतक्या वेगाने. कुणी लिहीत नव्हतं, तरी लिहिलं जात होतं. प्राणेश वाकून पाहत राहिला. कॉफी आली. तिच्यावर साय धरायच्या आत पडद्यावर एक पान उघडलं – वर दुकानाचं नाव, खाली रंगांची यादी, नवा रंग नोंदवायची जागा, शोधायची जागा. शाल्मलीने त्याचा फोन मागून घेतला, जरा खटपट केली आणि परत दिला. तेच पान आता त्याच्या तळहातावर उघडं होतं.

तान्ह्या बाळाच्या टाळूला लावावं तसं त्याने पडद्याला बोट लावलं.

"हे आत्ता... इथं नव्हतं."

"नव्हतं."

"आणि तुम्ही लिहिलंही नाही."

"मी फक्त विचारलं. सांगितलं तुम्ही."

त्याने मान वर केली. त्या नजरेत एवढं निखळ आश्चर्य होतं, की शाल्मली आपलीच चोरी पकडल्यासारखी गोरीमोरी झाली. हा चमत्कार ऑफिसात तिने शंभरदा पाहिला होता आणि जांभई देत पाहिला होता. आज पहिल्यांदा तो तिला दिसला. चार ओळींतून एक अख्खं दुकान उभं राहतं... खरंच की! याचं नवल वाटायचं आपण कधी सोडून दिलं?

मग दर रविवारी ती चिकपेटला येऊ लागली. रविवारी दुकान बंद असायचं. गंगव्वा दाराशी खुर्ची टाकून बसायची, प्राणेश तागे काढून नावं सांगायचा, शाल्मली फोटो काढून नोंदवायची.

नावं ऐकताना तिला वाटायचं, आपण कापडाच्या दुकानात नाही, कुठल्यातरी जादूच्या बागेत बसलोय. भिजलेली वीट. उन्हातली लिंबोळी. कढीची साय. देवळातला धूर. न सांगितलेली गोष्ट – हा एक गूढ निळा होता.

"लिहा. रुसलेली मेंदी."

"मेंदी कशी रुसते?"

"रंगायच्या आधी हात धुतला, की रुसते. तुमची कधी रुसली नाही?"

"माझ्या हातावर कुणी काढलीच नाही अजून."

"सरी, बरं..." तो ताग्याआडून म्हणाला. "बघू या."

काय बघू या? तिने विचारलं नाही. पुढची तीन नावं मात्र चुकीच्या ओळीत नोंदवली गेली.

एकदा तिने ओढणी त्याच्यापुढे नाचवली. "सांगा बरं, हिचं नाव काय?"

तो थबकला. "ते गंगव्वाला विचारा. डोळे तिचे."

"मी तुम्हाला विचारतेय."

"मला... चांगली दिसते, एवढं सांगता येईल."

कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. लाजाळू आहे, असं शाल्मलीने मनातल्या मनात नोंदवून टाकलं.

त्याचा वेग मात्र पाहण्यासारखा होता. नाव उच्चारायचा अवकाश, हात बरोबर जागेवर जायचा. कधी डोळे मिटून, कधी तिच्याशी बोलता बोलता. सोळाशे बारा तागे, आणि एकदाही चूक नाही. ती बघतच राहायची.

चौथ्या रविवारी गंगव्वा यायची होती, पण लेकीने बोलावलं म्हणून सकाळीच आनेकलला गेली. दुकानात दोघंच.

"पिकलं तोंडलं," म्हणत प्राणेशने तागा पुढे केला. "एकदम लाल."

शाल्मलीने कॅमेरा उचलला आणि थांबली. तागा हिरवागार होता.

"आणि हे कोवळं तोंडलं." दुसरा तागा. लालभडक.

ती खळखळून हसली. "पुरे हं चेष्टा! उद्या नवरीच्या हिरव्या शालूवर लाल ब्लाउज द्याल..."

तो हसत नव्हता. आधी त्याने तिच्याकडे पाहिलं, मग हातातल्या ताग्यांकडे, मग गंगव्वाच्या रिकाम्या खुर्चीकडे. चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं.

"काल गंगव्वानं फळ्या पुसल्या," तो हळू आवाजात म्हणाला. "ठेवताना ओळ बदलली असेल."

"प्राणेश–"

"आज इथंच थांबू या."

त्याने तिचा लॅपटॉप अलगद मिटला. अगदी हळुवार. म्हणूनच तिला ते जास्त लागलं.

पुढचे पाच दिवस त्याचा एक निरोप नाही. तिने तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. हसलो कशाला आपण? तेच तेच मनात यायचं. शनिवारी सकाळी फोन वाजला. "तुमच्या घरासमोरच्या बागेत आहे. दोन मिनिटं खाली याल?"

ती चपला उलटसुलट घालूनच धावली.

जयनगरच्या त्या छोट्या बागेत तो एका उंच झाडाखाली उभा होता. फेब्रुवारीचं कोवळं ऊन होतं. झाडावर एकही पान नव्हतं. फांद्याफांद्यांवर नुसती टपोरी लाल फुलं, आणि खाली गवतावर त्यांचा सडा.

"मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत," त्याने एका दमात सांगून टाकलं. "जन्मापासून. आमचे पणजे कापड रंगवायचे. रंगाऱ्यांचं घराणं ते. त्यात मी असा. अप्पांना कधी सांगायचा धीर झाला नाही."

"मग ते सगळे तागे..."

"पाठ केले. बारा वर्षांचा होतो तेव्हापासून. कपाट, फळी, ओळ. गंगव्वा नाव घेते, मी जागा काढतो. नवा माल आला, की रात्रीपर्यंत घोकून टाकतो."

या माणसाने सोळाशे बारा ओळींचं कोष्टक डोक्यात बांधलं होतं. ना यंत्र, ना कळ. एकेक ओळ करून, वीस वर्षं, कुणाला चाहूल न लागू देता.

"तुम्ही हसलात त्याचा राग नाही," तो म्हणाला. "भीती वाटली. तुम्हाला कळलं, की कीव करून बोलाल म्हणून."

"कीव?" तिने बाही सरकवून हात पुढे धरला. "काटा आलाय अंगावर. हा बघा! दिसतोय?"

त्याने वाकून, फार गंभीरपणे, जरा जास्तच वेळ पाहिलं. "दिसतो."

दोघांनाही एकदमच हसू फुटलं. वरून एक फूल धप्पकन पडलं.

"हे एक झाड मला दिसतं बघा," प्राणेश वर बघत म्हणाला. "बाकीच्यांची लाल फुलं पानांत हरवून जातात. मला अख्खं झाड एकच दिसतं. ह्याला पानच नाही. फूल सरळ आभाळावर. काय म्हणतात याला?"

"मराठीत काटेसावर. आणि संस्कृतात..." ती अडखळली.

"संस्कृतात?"

"...शाल्मली."

त्याने एकदा झाडाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"मग बरोबरच आहे," तो म्हणाला.

सकाळचं ऊन तिला एकाएकी फार कडक वाटायला लागलं.

आता दिवस थोडे उरले होते. घरांना रंग देणाऱ्यांकडे एक छोटं यंत्र असतं. भिंतीवर टेकवलं, की तो रंग कुठला ते आकड्यांत सांगतं. तसलं एक यंत्र शाल्मलीने मिळवलं. ताग्यांच्या कोष्टकात आकड्यांचे तीन नवे रकाने घातले, पुन्हा कळ दाबली, आणि वेबवरचं पान, फोनवरचं पान, खालचं माहितीचं कोठार, सगळं नव्या रकान्यांसकट पुन्हा उभं राहिलं. जुनी एक नोंदही न हरवता. फक्त 'जवळचा रंग कुठला' एवढं ठरवणं तिने हाताने लिहिलं. गंगव्वा कशाला जवळ म्हणते, ते कुठल्या यंत्राला ठाऊक असणार?

मग गंगव्वाची आणि यंत्राची जुगलबंदी रंगली. पहिल्या दिवशी यंत्र सपाटून हरलं. गंगव्वाने कपाळावर हात मारला. "अग बाई, ह्याला कढीची साय आणि लिंबाचं सरबत एकच वाटतं!" शाल्मलीने दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी बरोबरी झाली. चौथ्या दिवशी गंगव्वा हरली आणि यंत्राला हाताने गोंजारत म्हणाली, "शहाणं आहे हो."

शेवटी आवाज भरायचा होता. फोनने रंगाचं नाव नुसतं दाखवायचं नाही, म्हणून दाखवायचं. तेही गंगव्वाच्याच आवाजात. तीन दुपारी ती बोलत होती. मध्ये खोकत, मध्ये एखाद्या नावाची गोष्ट सांगत. शेवटचं नाव संपलं तेव्हा शाल्मलीने ध्वनिमुद्रण बंद केलं.

"गंगव्वा," प्राणेश खाली बघत म्हणाला, "तुला एक सांगायचंय. हे आवाजाचं कशाला, ते. मला–"

"लाल-हिरवं कळत नाही तुला."

त्याने झटकन मान वर केली.

"सात वर्षांचा होतास. हिरवी कैरी पिकली म्हणून चावलास आणि तोंड वाकडं केलंस. तेव्हाच कळलं मला. अरे, माझे डोळे चांगले होते की. रंग बघून मी मुकाट्यानं बोट दाखवलं असतं. वीस वर्षं नाव मोठ्यानं का घेत होते, काय वाटलं तुला?"

प्राणेश एकदम खाली बसला आणि म्हातारीच्या गुडघ्यावर त्याने डोकं टेकलं. शाल्मली पाठ करून ताग्यांकडे पाहत राहिली. सगळेच तागे पाण्यात बुडाल्यासारखे दिसत होते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दोघं गंगव्वाला आनेकलच्या बसवर पोचवायला गेली. दुकान शेजाऱ्याला 'जरा बघा' म्हणून उघडंच टाकलं होतं. बस सुरू झाली, तशी खिडकीतून म्हातारीने डोकं बाहेर काढलं.

"काय रे, विचारलास काय तिला?"

"काय विचारायचं?" शाल्मलीने भाबडेपणाने विचारलं.

बस वळणावर दिसेनाशी झाली. प्राणेशने तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. "ते... दुकान उघडं आहे."

"हो का?" शाल्मली ओठ दाबून म्हणाली. "मग चला."

गर्दीतून वाट काढत दोघं परतली, तर दुकानात सत्यवतीबाई ठाण मांडून बसलेल्या. पलीकडच्या गल्लीतल्या. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं आणि मांडीवर भरजरी साडी.

"गंगव्वा कुठाय? तिच्याशिवाय मी कापड घेत नाही, सांगून ठेवते."

प्राणेशने साडी हातात घेतली. पहिल्यांदाच एकट्याने. शाल्मली दाराशीच थांबली. मदतीला पुढे जायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. त्याने यंत्र कापडावर टेकवलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग फोनमधून गंगव्वा ठसक्यात म्हणाली,

"जास्वंदीची कळी. तिसरं कपाट, दुसरी फळी."

सत्यवतीबाई दचकून आत डोकावल्या. प्राणेश शिडी चढला, तागा काढला. बाईंनी तो हिसकावून घेतला, थेट उंबऱ्यावर नेला, उन्हात साडीशेजारी धरला. असा धरला, तसा धरला.

"देवा..." बाई हळूच म्हणाल्या. "एकच धागा म्हणावा!"

प्राणेशने शिडीवरूनच शाल्मलीकडे पाहिलं. तिने आयुष्यात एवढा मोठा आनंद एवढ्या शांत चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता.

बाईंनी तागा त्याच्या हातात परत दिला, एक मीटर फाडायला सांगितलं आणि मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "आणि ही कोण? नवीन कामाला ठेवलीस?"

"नाही, ही..." प्राणेश शिडीवर गडबडला. "ह्या म्हणजे... ह्यांनी ते..."

"घरचीच आहे मी," शाल्मली म्हणाली.

तागा त्याच्या हातातून सुटला आणि गडगडत, उलगडत थेट तिच्या पायाशी येऊन थांबला. तो धडपडत खाली उतरला.

"पण मी अजून विचारलंच नाही!"

"मग विचारा की."

आणि प्राणेशने विचारलं. भर दुपारी, सत्यवतीबाईंच्या देखत, हातात लालभडक कापडाचं एक टोक धरून. दुसरं टोक तोवर शाल्मलीने उचललं होतं.